पेटीचं झाकण

आमच्या बंदरावर नारळी पौर्णिमेला पहिलं मशीन चालू करायचा मान मिस्त्रीचा असतो. मिस्त्री म्हणजे माझे बाबा. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. शाळेत घालेपर्यंत मलाही तेच त्यांचं नाव वाटायचं. खाडीला नारळ वाहून झाला की सगळे चाचांच्या होडीकडे वळत. चाचा बंदरावरचे सर्वांत जुने होडीवाले. ते मुसलमान आणि पूजा आमची, पण पहिली होडी त्यांचीच हे कधी ठरलं ते कुणालाच आठवत नाही. बाबा डिझेल मशीनवरची फळी काढत, मशीनच्या डोक्याशी नारळ फोडत, पाणी वरून सोडत, हळदकुंकू लावत आणि हँडल मारत. चाचा टोपी सारखी करून बाजूला उभे राहत आणि त्यांचं त्यांचं पुटपुटत. पहिल्या फटक्यात मशीन लागलं तर वर्ष चांगलं जाणार. मग अर्धा नारळ बाबांचा आणि त्या होडीच्या पहिल्या मासळीतला वाटाही बाबांचा.

यात एक गोष्ट पक्की होती. मशीन उघडं दिसलं पाहिजे. फळीला कुंकू लावलेलं चालत नसे. देवळाचं दार लावून घेऊन आरती करतात का, असं बाबा विचारत. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं यावरून झालं.

बाबांची पत्र्याची शेड जेटीच्या डोक्याशी आहे. खाडीतून होडी येताना तिचा आवाज ऐकून ते शेडमध्ये बसल्या बसल्या सांगत की हिचा पंप गेलाय, हिला कुणीतरी भेसळीचं डिझेल घातलंय. ते सातवी शिकलेत. मला त्यांनी रत्नागिरीला इंग्रजी शाळेत घातलं. रोज सकाळी एसटीने पाऊण तास. दप्तराला डिझेलचा वास यायचा म्हणून मी ते बाकाखाली ठेवत असे. वडील काय करतात यावर निबंध लिहायचा होता तेव्हा मी 'इंजिनीयर' लिहिलं. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. घरी मी तो दाखवला नाही. बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरीही दाखवला नाही.

तेल आलं त्या वर्षी मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. जूनच्या सुरुवातीला, होड्या वर ओढून झाल्यावर, वादळात एक बार्ज नांगर तुटून खडकांवर येऊन बसली. ती कुणाची, कुठे चालली होती, चूक कुणाची, यावरचा वाद अजून मिटलेला नाही. तिच्या पोटातलं काळं तेल भरतीबरोबर खाडीत आलं आणि ओहोटीला परत गेलं नाही. खडकांना चिकटलं, तिवरांच्या मुळांना चिकटलं. आई कालवं काढायला जायची. त्या आठवड्यात तिने आणलेली कालवं मागच्या दारी बसून एकेक फोडली. आत सगळीकडे काळा साका. पंधरा-वीस फोडून झाल्यावर ती उठली आणि टोपली उकिरड्यावर ओतून आली. जेवायला त्या दिवशी काय होतं ते आठवत नाही.

गावातल्या बायका नाकाला पदर लावून फिरत होत्या. मला मात्र तो वास ओळखीचा होता. तो आमच्या टॉवेलांना होता, बाबांच्या उशीला होता. आमच्याच घरातून ते सांडलंय अशी मला आतून लाज वाटत होती, आणि ती कुणाजवळ बोलण्यासारखी नव्हती.

शहरातून मुलं-मुली आली, हातमोजे घालून, खराट्यांनी तेल गोळा करायला. चांगली होती. दोन आठवड्यांनी गेली. त्यानंतर आली ती विजेच्या मशिनांची कंपनी. भरपाईच्या भांडणात कुठेतरी असं ठरलं होतं की खाडी डिझेलमुक्त करायची. पहिल्या बारा होड्यांना विजेवर चालणारी मशिनं मिळणार, जेटीवर सोलरची शेड उभी राहणार, तिथे बॅटऱ्या चार्ज होणार. ज्याला हवं त्याने आपलं डिझेल मशीन द्यायचं आणि ते सर्वांसमक्ष कापलं जाणार.

कंपनीचे साहेब पुण्याचे. पस्तिशीचे असतील. अतिशय नम्र. म्हाताऱ्यांना काका म्हणत, मला मॅडम म्हणत. गावात इंग्रजी कुणाला येतं, असं त्यांनी पहिल्याच सभेत विचारलं तेव्हा सगळ्यांनी आमच्या घराकडे बोट दाखवलं. महिनाभरात माझ्या गळ्यात ओळखपत्र आलं. काम सोपं होतं. इंग्रजीत आलेलं मराठीत करायचं आणि मराठीत ऐकलेलं इंग्रजीत. माणसांशी फार बोलावं लागत नाही, कागदांशी बोलावं लागतं, म्हणून मला ते आवडलंही.

योजनेत एक जागा होती, स्थानिक तंत्रज्ञाची. पगार, प्रशिक्षण, आणि पहिला हंगाम नीट गेला की कायम. गावाला वाटलं होतं मिस्त्री या सगळ्याला आडवा येणार. डिझेल मशिनं गेली की शेडमध्ये काय उरणार? शेजारच्या वाडीतल्या एकाने तर तोंडावर विचारलं, "मिस्त्री, आता तुम्ही काय, सूर्याला वंगण घालणार?" बाबा म्हणाले, सूर्याचं मला काय माहीत नाही, पण कातळावर ठेवलेलं पोतं गरम होतं एवढं मला कळतं. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी मला फॉर्म भरायला सांगितला. शिक्षणाच्या रकान्यात मी 'सातवी' लिहिलं आणि अनुभवाच्या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून कागद जोडला. ती जागा बाबांना हवी होती. मी त्यांना कुठलीही गोष्ट इतकी हवी असलेली पाहिली नव्हती.

निवड होऊन ते पुण्याला पंधरा दिवस प्रशिक्षणाला गेले. पायजमा शर्ट घालून. परत आल्यावर रोज दिवेलागणीला मी त्यांना माहितीपुस्तिका वाचून दाखवायची. एक वाक्य इंग्रजीत, एक मराठीत. ते वहीत चित्रं काढायचे. कुठली वायर कुठे जाते, कुठला दिवा पेटला की काय. अक्षरं कमी, चित्रं जास्त. एकदा म्हणाले, हे मशीन बोलत नाही, याला हात लावून बघायला हवं. नंतर मी पाहायचे, मोटर चालू झाली की ते तिच्यावर तळवा टेकवत, आजारी माणसाच्या कपाळावर टेकवावा तसा.

पुस्तिकेत बॅटरीच्या पेटीबद्दल एक वाक्य होतं. पेटीचं सील कंपनीच्या माणसाशिवाय कुणीही उघडू नये. ते मी वाचलं, मराठीत सांगितलं, बाबांनी पेटीचं चित्र काढून त्यावर फुली मारली. बंदरावर लावायच्या मराठी फलकावरही ते वाक्य मीच लिहिलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात जुनी मशिनं कापली. बाबांनी स्वतः एकेक सोडवून दिलं. चाचांच्या मशीनच्या वेळी गॅसकटर पेटवला तेव्हा चाचा म्हणाले, "मिस्त्री, हात थरथरतो काय?"

"माझा नाय," बाबा म्हणाले. "कापणाऱ्याचा थरथरतोय, बघा."

सगळे हसले. कापणाराही हसला. तुकडे टेम्पोत भरून गेले.

नारळी पौर्णिमेला साहेब आले. त्यांना व्हिडिओ हवा होता. खाडीला नारळ, मागे किल्ला, पुढे नवीन मशीन. त्यांनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला, आणि तुमच्याही फोनवर काढा म्हणाले, दोन असलेले बरे. मी दोन्ही हातांत दोन फोन धरून उभी राहिले. चाचांची होडी, चाचा टोपी सारखी करून बाजूला. बाबांनी नारळ हातात घेतला आणि थांबले. पेटीचं झाकण बंद होतं. आयुष्यभर त्यांनी बंद मशीनची पूजा केली नव्हती. माणसं बघत होती.

"उघडा ना काका," साहेब माझ्या मागून म्हणाले. "मशीन दिसू दे. छान येईल."

बाबांनी साहेबांकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"उघडू ना गो?"

मला माहीत होतं. ते वाक्य मीच वाचून दाखवलं होतं, फलकावर मीच लिहिलं होतं. पण साहेब म्हणत होते, सगळं गाव थांबलं होतं, आणि सगळ्या गावासमोर साहेबांना 'नको' म्हणायचं तर मला तोंड उघडावं लागलं असतं. चार थेंबांनी काय होतंय, असंही मनात आलं. मी मान हलवली. बाबांनी खिशातून पाना काढला, सील तोडलं, झाकण उघडलं, नारळ फोडला. पाणी त्यांनी यावेळी हातावर घेऊन फक्त शिंपडलं. त्यांनाही भीती होती. मग झाकण लावलं, बटण दाबलं, आणि होडी अजिबात आवाज न करता पुढे सरकली. टाळ्या वाजल्या. बाकीच्या अकरा होड्यांना वेळ नव्हता, त्यांच्या झाकणांवरच कुंकू लावलं.

कंपनीने तो व्हिडिओ आपल्या पानावर टाकला. त्याला वरून बासरीचं संगीत लावलं होतं, त्यामुळे कुणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं.

तीनेक आठवड्यांनी चाचांची होडी खाडीच्या तोंडाशी बंद पडली. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर जात होतं. मोटर थांबली, दिवे गेले, आणि होडी पाण्याबरोबर किल्ल्याखालच्या खडकांकडे ओढली गेली. चाचा आणि त्यांचा पुतण्या, दोघंच. वल्हं एकच होतं. होडी खडकावर घासून फुटली. बाहेरून येणाऱ्या एका डिझेलच्या ट्रॉलरने दोर टाकून त्यांना ओढलं. दोर पकडताना चाचांचा खांदा निखळला. तो अजून नीट वर जात नाही. त्यांनी मला नंतर सांगितलं की डिझेलच्या धुराचा वास आला तेव्हा त्यांना रडू आलं. ते हसत सांगत होते.

पुण्याहून दोघे जण आले. पेटी उघडली. आत एका जोडावर हिरवा गंज होता. त्यांनी सील पाहिलं आणि एकमेकांकडे पाहिलं. बाबा बाजूलाच उभे होते. त्यांनी स्वतःहून सांगितलं की सील मी तोडलं, पूजेच्या दिवशी. कुणी सांगितलं म्हणून, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या मते ते सांगण्यासारखं नव्हतं. साहेब तिथेच होते, त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला सोलरच्या शेडमधल्या टेबलाशी बोलावलं. ते शांतपणे बोलले. अहवाल आजच जायला हवा. मशीनमध्येच दोष आहे असं गेलं तर ज्यांचे पैसे आहेत ते हात आखडतील, अख्खी योजना थांबेल, तुमच्या अकरा होड्या उभ्या राहतील आणि पुढच्या तीन खाड्यांना काहीच मिळणार नाही. स्थानिक मिस्त्रीने विनापरवाना सील तोडलं, हे तर खरंच आहे. काकांबद्दल मला आदर आहे, असंही म्हणाले. पूजेच्या दिवशी 'उघडा' कोण म्हणालं ते त्यांनी काढलं नाही, मीही नाही. माझा फोन माझ्या पर्समध्ये होता. त्यातल्या व्हिडिओत त्यांचं वाक्य स्वच्छ ऐकू येतं. बाबांचा प्रश्नही ऐकू येतो. माझी मान त्यात दिसत नाही, कारण फोन माझ्या हातात होता.

अहवाल मी टाइप केला. माझं इंग्रजी चांगलं आहे. एकही चूक नव्हती. साहेबांनी फक्त एक शब्द बदलला, 'उघडलं'च्या जागी 'छेडछाड केली' अशा अर्थाचा.

सोबत एक कबुलीपत्र लागणार होतं. प्रशिक्षण आणि सूचना मिळूनही मी सील तोडलं, नुकसानीस मी जबाबदार आहे, आणि तंत्रज्ञाच्या जागेवर माझा कोणताही दावा राहणार नाही. तेही इंग्रजीत. मी ते घेऊन बाबांच्या शेडमध्ये गेले. ते कुणाचा तरी पाण्याचा पंप खोलून बसले होते. डिझेल गेल्यापासून गावातले पंप, मिक्सर असलं काम येई. हात पुसून त्यांनी कागद घेतला, उलटा-सुलटा पाहिला, खाली रिकामी जागा होती तिथे बोट ठेवलं.

"हितं?"

"हो."

"तू वाचलंस ना?"

"हो."

"मग झाला."

त्यांनी पेन घेतलं. सही करायला त्यांना वेळ लागतो, अक्षर अक्षर जोडतात. आडनावाशी आल्यावर थांबून त्यांनी विचारलं, "माझ्या कामाचाच ना गो कागद?"

मी 'हो' म्हणाले. ते खोटं नव्हतं, असं मी त्या दिवशी स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलं. कागद त्यांच्या कामाचाच होता.

सही झाल्यावर कागदाला ग्रीसचा ठसा लागला म्हणून ते ओशाळले. दुसरा आणतेस काय, म्हणाले. मी म्हटलं, चालेल.

पुढचे दोन महिने ते उत्तराची वाट पाहत होते. मला विचारायचे, कायम करायचा कागद आला काय. मी म्हणायचे, पुण्याला उशीर होतो. ते मान डोलवायचे. मोठ्या कामाला उशीर लागतोच. दिवाळीनंतर सांगलीकडचा एक तंत्रज्ञ आला. भला माणूस, बायको-मुलांसह आला, गावात खोली घेतली. बाबांना वाटलं हा तात्पुरता आहे. त्यांनी त्याला आपली चित्रांची वही दाखवली. कुठल्या होडीला काय खोड आहे ते त्यांनी त्यात लिहून, म्हणजे काढून ठेवलं होतं. त्याने ती आदराने पाहिली आणि परत दिली.

कागदात काय होतं ते बाबांना कळलं चाचांमुळे. होडीच्या विम्यासाठी त्यांना सगळ्या कागदांच्या प्रती मिळाल्या होत्या. त्यांची नात रत्नागिरीला माझ्याच शाळेत आठवीत आहे. तिने त्यांना कबुलीपत्र वाचून दाखवलं, एक वाक्य इंग्रजीत, एक मराठीत. चाचा हात गळ्यातल्या झोळीत घेऊन तडक शेडमध्ये आले. मी तिथे होते, बाबांचा डबा घेऊन गेले होते.

"मिस्त्री, तू ह्याच्यावर सही कशाला केलीस?" त्यांनी कागद पंपावर टाकला. "नुकसान तुझ्या डोक्यावर, नोकरी नको असा लिहून दिलंस? त्या साहेबाने झाकण उघडायला सांगितला, माझ्या ह्या कानांनी मी ऐकला. मी काय बहिरा हाय?"

बाबांनी कागद उचलला. त्यांची सही त्यांना ओळखता येते. ग्रीसचा ठसा प्रतीतही काळा उमटला होता.

"तिने वाचला होता," ते म्हणाले.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. ते मला लहानपणापासून बाय म्हणत. त्या दिवशी त्यांनी मला काहीच म्हटलं नाही. बाबांकडे वळून म्हणाले, "एवढी वर्षं हँडल मारून पोरीला इंग्लिश शिकवलंस. कामाला आला बघ."

 मी व्हिडिओबद्दल बोलले नाही. तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हाही दोन माणसांसमोर तोंड उघडायचं होतं, आणि आता तर साहेबांच्या वाक्याबरोबर माझी मानही सांगावी लागली असती. चाचा गेल्यावर बाबांनी डबा उघडला आणि जेवले. मला म्हणाले, मीठ जरा कमी आहे, आईला सांग.

पुढच्या आठवड्यापासून ते रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जायला लागले. तिथे मोठे ट्रॉलर आहेत, सगळे डिझेलवर, आणि जुना मिस्त्री कुणाला नको असतो? पहाटेच्या एसटीने जातात, संध्याकाळच्या एसटीने येतात. साठी जवळ आली आहे. घराला पुन्हा तोच वास यायला लागला. मी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सोलरच्या शेडमध्ये जाते. मला आता बढती मिळाली आहे, चारही खाड्यांचे कागद माझ्याकडे असतात.

विजेची मशिनं चांगली आहेत, हे मला लिहिलं पाहिजे. खाडीच्या पाण्यावर पूर्वी जो रंगीत तवंग दिसायचा तो आता दिसत नाही. कालवं अजून खडकांना धरलेली नाहीत, धरतील म्हणतात. दुसऱ्या वर्षी कंपनीने बाराच्या बारा पेट्यांची झाकणं बदलली. नव्या झाकणाला रबराची दुहेरी कड आहे. बाकीच्या अकरापैकी चार पेट्यांत, ज्यांचं सील कुणीच तोडलं नव्हतं, त्याच जोडावर तसाच हिरवा गंज निघाला होता. ते पत्र इंग्रजीत होतं आणि ते मराठीत करायला मला कुणी सांगितलं नाही.

मी ते बाबांना सांगितलं. एका रविवारी, ते अंगणात जाळीचा दोर वळत बसले होते तेव्हा. झाकणात आधीपासूनच खोट होती, तुमच्या पाण्याने काही झालं नव्हतं.  ते म्हणाले, "मला तेव्हाच वाटला होता." मग, दोरावरून नजर न काढता, "तू हो म्हणालीस म्हणून मी उघडला."

बस, एवढंच. त्या दिवशी आणि नंतरही त्यावर आमच्यात बोलणं झालं नाही. जेवायला वाढलं की ते जेवतात, ताप आला की मला गोळी आणून देतात, मिरकरवाड्याहून येताना माझ्या आवडीची मांदेली आणतात. कुणी बाहेरचा आला की ही माझी मुलगी, कंपनीत आहे, असं अजून सांगतात.

परवा त्यांच्या विम्याचं पत्र आलं, इंग्रजीत. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं, मी ते टेबलावर ठेवलं. संध्याकाळी बाबा आले, हातपाय धुतले, चहा घेतला. मी समोरच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी पाकीट उचललं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. मग चपला घातल्या आणि चाचांच्या घरी गेले, नात शाळेतून आली असेल म्हणून.